वसईचें वास्तव्य : लाभ आणि हानि

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या निमित्तानें हा स्मरणग्रंथ प्रसिद्ध होत आहे. अशा ग्रंथांत मागील पिढ्यांचा वृत्तांत यावा, कार्यकर्त्यांचे आभार मानले जावेत, देवळाच्या उभारणीची हकीकत यावी, हें योग्यच आहे. ते काम इतर लेखकांनीं उत्तम प्रकारें केलें आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत एक निराळाच विषय हातीं घेण्याची परवानगी आम्ही वाचकांपाशीं मागतों. हा विषय आज घरोघर चर्चिला जात आहे. मुंबईंत एका खोलींत दाटीनें राहणारें कुटुंब विचारतें, "वसईंत घर घ्यावें काय?" त्याच वेळीं वसईंतील एखाद्या वाडीचा धनी विचारतो, "वाडी विकून दुसरीकडे जावें काय?" एकाला येण्याची उत्कंठा, तर दुसऱ्याला जाण्याची घाई! दोघांचेंही म्हणणें पोकळ नाहीं. दोघांच्याही पुढें मुलांचें शिक्षण, म्हाताऱ्या आईबापांची सोय, पोटापाण्याचा धंदा आणि जन्मभराची पुंजी हीं उभीं आहेत.

अशा प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देणारा माणूस एकतर दलाल असावा किंवा भाबडा असावा. आम्हीं येथें इतिहासाचा आधार घेण्याचें योजिलें आहे. कारण वसईंत वस्ती करावी कीं नाहीं हा प्रश्न आजकालचा नव्हे. दोन हजार वर्षांपासून व्यापारी, संन्यासी, सरदार, शेतकरी आणि चाकरमाने या सर्वांनीं तो आपापल्या परीनें सोडविला आहे. त्यांचा अनुभव पाहिल्यास आपला निर्णय अधिक समंजसपणें होईल, अशी आशा आहे.

१. भूमीचें स्वरूप

प्रथम या भूमीची घडण ध्यानांत घ्यावी. उत्तरेस वैतरणा नदी, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, पश्चिमेस सिंधुसागर आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर अशा चतुःसीमांत वसई तालुक्याचा मुख्य भाग वसला आहे. डोंगरावरून उतरणारें पावसाचें पाणी समुद्राकडे धांव घेतें. वाटेंत खाजणें, मिठागरें व सखल शेतें त्याला कांहीं काळ आपल्या पोटांत सामावून घेतात. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यांत जमिनींतील गोडें पाणी खाऱ्या पाण्याच्या शेजारींच नांदत असतें. विहिरीचा उपसा बेताचा असला तर गोडें पाणी टिकतें. उपसा बेसुमार झाला तर समुद्र आंत शिरतो. वसईचे सर्व लाभ आणि सर्व हानि या एका घडणींतून उद्भवलेल्या आहेत, हें सूत्र वाचकांनीं पुढील विवेचनांत स्मरणांत ठेवावें.

या भूमीचा पहिला लाभ घेतला तो सोपाऱ्यानें. ज्याला आज आपण नाला सोपारा म्हणतों, त्याच्या परिसरांत प्राचीन शूर्पारक नगर होतें. ग्रीक भूगोलकारांना तें ठाऊक होतें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं येथील स्तूप उकरून काढला व सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा उजेडांत आणला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ सालीं भुईगांव येथें सांपडला. म्हणजे ज्या भुईगांवांत आज आपले बांधव केळी व भाजीपाला पिकवितात, त्या गांवाच्या भूमींत सुमारें २२०० वर्षांपूर्वींची राजाज्ञा पडून होती! १३२१ सालीं फ्रायर जोर्दानुस हा डोमिनिकन संन्यासी सोपाऱ्यास होता. त्याच वर्षीं ठाणें येथें चार फ्रान्सिस्कनांना मरण आलें, आणि त्यांचे देह त्यानें सोपाऱ्यास आणून पुरले. येथील ख्रिस्ती स्मृति पोर्तुगीजांच्याही आधींची आहे ती अशी.

परंतु ज्या खाडीनें सोपाऱ्यास वैभव दिलें, त्याच खाडींत गाळ सांचला आणि बंदराचें महत्त्व गेलें. व्यापाऱ्यांनीं दुसरीं बंदरें गांठलीं. शेतकरी व कोळी मात्र येथेंच राहिले. हा पहिला धडा होय : जो केवळ बाजारासाठीं येतो, तो बाजाराबरोबर जातो, ज्याची मुळें मातींत व पाण्यांत असतात, तो राहतो.

२. कोटाच्या आंत आणि कोटाच्या बाहेर

१५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. १५३६ पासून कोटाचें बांधकाम सुरू झालें. पुढें सुमारें २०० वर्षें वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होती. कोटाच्या आंत फिदाल्गो म्हणजे उमराव लोकांचे वाडे, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, आगुस्तिनियन व येशूसंघीय संन्याशांचे मठ आणि टोलेजंग देवळें उभीं राहिलीं. संत फ्रान्सिस झेवियर येथें येऊन गेले. आगाशी व वसई येथें जहाजें बांधलीं जात, आणि येथील काळा दगड गोव्याच्या इमारतींसाठीं समुद्रमार्गें नेला जाई.

त्या काळीं वसईंत राहणें हा मोठा मान होता. पण तो कोणाचा? कोटाच्या आंत राहणाऱ्यांचा. भोंवतालचीं गांवें उमरावांना व मठांना लावून दिलेलीं होतीं. आपले पूर्वज कोटाच्या बाहेर राहून भात, ऊंस व केळी पिकवीत, मासे मारीत, दगड फोडीत आणि खंड भरीत. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानें त्यांना देऊळ मिळालें, शाळा मिळाली. परंतु जमिनीची मालकी मिळाली नाहीं. हें सत्य महोत्सवाच्या उत्साहांतही झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

कोटाच्या आंतले लोक तरी निर्धास्त होते काय? १६१८ च्या मे महिन्यांत भयंकर वादळ होऊन घरांची व देवळांची मोठी नासधूस झाली. १६७४ सालीं मस्कतच्या अरबांनीं किनाऱ्यावर उतरून कोटाबाहेरचीं देवळें लुटलीं. १६९५ सालीं जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी आला, तेव्हां रोगाच्या सांथीनें शहराचा बराच भाग ओस पडलेला होता. उंच भिंती माणसाला माणसापासून दूर ठेवतात. वादळाला व रोगाला त्या अडवीत नाहींत.

याच वसईंत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया याचा जन्म झाला. त्याचा पिता पोर्तुगीज व माता येथलीच. येशूसंघीयांच्या हाताखालीं तो शिकला, जपानास गेला, व्यापार केला, मनिला येथें फ्रान्सिस्कन बंधु झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर प्राण अर्पिता झाला. ८ जून १८६२ रोजीं पोप पायस नववे यांनीं त्यास संतपद दिलें. वसई सोडून जाणारा प्रत्येक जण वसईस पारखा होतो असें ज्यांस वाटतें, त्यांनीं या उदाहरणाचा विचार करावा. ज्या एका पुत्रामुळें वसईचें नांव जगभर झालें, तो वसईबाहेरच जगला आणि वसईबाहेरच मेला. जाणें हें पाप नव्हे. कां जावें आणि जातांना मागें काय टाकावें, हा खरा प्रश्न आहे.

३. जे राहिले

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा कोट सर केला. दोन्ही बाजूंचीं हजारों माणसें त्या लढाईंत पडलीं. तहाप्रमाणें पोर्तुगीजांना आपली चीजवस्त घेऊन निघून जाण्याची मुदत मिळाली, व मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा राहिली. उमराव गेले, मठ ओस पडले, घंटा उतरल्या. महाराष्ट्रांतील कित्येक हिंदु देवालयांत आजही पोर्तुगीज घंटा वाजत असतात, त्यांपैकीं बऱ्याच या मोहिमेंतल्या होत.

त्या दिवसांत येथील ख्रिस्ती शेतकऱ्यापुढें आजच्यापेक्षां किती तरी कठीण प्रश्न उभा होता! राजा गेला, धनी गेला, बहुतेक धर्मगुरु गेले. तरीही सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा सर्व कुळांतील आपले पूर्वज आपल्या वाडीवर टिकून राहिले. मराठी राज्यांत त्यांनीं शेत कसलें, सारा भरला, आणि घरांत क्रुसाची खूण जपली. पुढें १७८० सालीं जनरल गॉडर्डच्या इंग्रज फौजेनें कोट घेतला. सालबाईच्या तहानें तो परत पेशव्यांकडे आला. १८०२ च्या ३१ डिसेंबरास दुसऱ्या बाजीरावानें याच वसईंत इंग्रजांशीं तह केला आणि १८१८ पर्यंत पेशवाईच संपली. झेंडे बदलत गेले, वाडी मात्र तीच राहिली. आपली भाषाही तीच राहिली. वसईचा ख्रिस्ती माणूस आज मराठींत प्रार्थना करतो, मराठींत भांडतो आणि मराठींत रडतो, याचें कारण हें चिवट वास्तव्य होय.

४. आगगाडीचें आगमन

मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेनें खाडीवर पूल बांधून १८६४ सालीं आपला मार्ग मुंबईपर्यंत नेला. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरार ते मुंबई अशी पहिली उपनगरी गाडी धांवली. सकाळीं एक गाडी जाई आणि सायंकाळीं परत येई. त्या एका गाडीनें वसईचें भाग्य पालटलें. मागें गलबतानें, वारा व भरती पाहून मुंबई गांठावी लागे. आतां सकाळीं तोडलेली भाजी त्याच दिवशीं मुंबईच्या बाजारांत विकूं लागली. केळीं, पानवेलीचीं पानें, फुलें, दूध व भाजीपाला हा वसईचा माल झाला. आगाशीकडची राजेळी केळीं वाळवून केलेलीं सुकेळीं दूरदूरच्या घरांत पोहोंचलीं. डोक्यावर पाटी घेऊन पहांटेची गाडी पकडणाऱ्या आमच्या बायांनीं कित्येक मुलांना शिक्षक, परिचारिका, धर्मगुरु व धर्मभगिनी होईतों शिकविलें. त्यांचें स्मारक कोठें उभारलेलें नाहीं. परंतु तो मान कोणत्याही किल्लेदारापेक्षां अधिक त्यांचाच आहे.

१९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत आली. प्रवास जलद व नित्याचा झाला. मुंबईंत नोकरी करावी आणि वसईंत राहावें ही गोष्ट शक्य झाली. तथापि स्टेशन हें जुन्या वसई गांवापासून कांहीं मैल दूर, नवघर–माणिकपूर भागांत आहे. म्हणून नवी वस्ती स्टेशनाभोंवतीं वाढली आणि किनाऱ्याकडचीं जुनीं गांवें बराच काळ आपल्या सांवलींत शांत राहिलीं. वाटेंत उभी राहिली ती एस. टी.; तिची वाट पाहणें हाही वसईकराच्या संयमाचा एक पाठच होता!

५. वाडी, बावखल आणि पेढी

या मधल्या काळांत वसईनें जी संसाराची पद्धत उभी केली, ती समजून घेतल्याशिवाय लाभाचें माप होणार नाहीं. वाडी म्हणजे केवळ जमीन नव्हे. मधोमध घर, भोंवतीं नारळ, केळी व फुलझाडें, एका बाजूस विहीर व तिच्यावर रहाट, आणि कोपऱ्यांत बावखल. पावसाचें पाणी बावखलांत सांठे, तेथून जमिनींत मुरे व विहिरीला जिवंत ठेवी. त्याच बावखलाच्या पाण्यावर उन्हाळ्यांत मळा शिंपला जाई. ही व्यवस्था कोणा इंजिनियरानें आंखून दिलेली नव्हती. अनेक पिढ्यांच्या अनुभवानें ती सिद्ध झाली होती.

पैशाच्या बाबतींत शेतकरी सावकाराच्या हातीं सांपडलेला असे. १९१८ सालीं मोन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकारानें येथें ख्रिस्ती लोकांची सहकारी पतपेढी स्थापन झाली. तीच पुढें बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून नांवारूपास आली. देवळाच्या आवारांत जमणाऱ्या माणसांनीं प्रार्थनेबरोबर हिशेबही एकत्र मांडला, ही गोष्ट वसईच्या इतिहासांत लहान नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, १९४८ च्या मुंबई कूळकायद्याच्या पुढील दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, व त्या दिवसापासून कसणारें कूळ जमिनीचें मालक मानलें गेलें. ज्यांच्या पूर्वजांनीं फिदाल्गोंना, पेशव्यांना, इनामदारांना व खोतांना पिढ्यान्पिढ्या खंड भरला, अशा कित्येक घरांच्या नांवावर प्रथमच सात-बारा चढला. वाचकहो, या तारखेचा विचार करा. चार शतकें वाट पाहून जी मालकी मिळाली, ती भोगून आपल्याला अजून पुरतीं शंभर वर्षेंही झालेलीं नाहींत. ती एका सहीनें देऊन टाकावी कीं काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ बाजारभावाचा राहत नाहीं.

६. नवें नगर

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईची घरें सामान्य माणसाच्या आंवाक्याबाहेर गेलीं. लोकांचा लोंढा प्रथम बोरिवलीस, मग खाडी ओलांडून वसई, नाला सोपारा व विरार येथें आला. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामास खुला करण्याच्या धोरणाविरुद्ध मोठा लोकक्षोभ झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समिति उभी राहिली. ख्रिस्ती, हिंदु, मुसलमान अशा सर्वांनीं एकत्र येऊन दिलेला हा लढा आपल्या काळांतील एक अभिमानाची गोष्ट आहे. हेच फादर दिब्रिटो दीर्घकाळ 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. किनाऱ्याकडील हिरवळीचा जो भाग आज शिल्लक आहे, त्यांत या चळवळीचा वाटा मोठा आहे.

पुढील घटना संक्षेपानें सांगतों. २२ मे १९९८ रोजीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. ३ जुलै २००९ रोजीं चार नगरपालिका व ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गांवांनीं तिच्यांत जावें कीं नाहीं यावर मोठें आंदोलन झालें. २९ गांवें वगळण्याचा निर्णय शासनानें २०११ सालीं घेतला व तो वाद पुढें बरींच वर्षें न्यायालयांत राहिला. २०११ च्या शिरगणतींत या महानगराची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली दिसली. १ ऑगस्ट २०१४ पासून वसई तालुका ठाणें जिल्ह्यांतून निघून नव्या पालघर जिल्ह्यांत आला. अशा रीतीनें एका पिढीच्या डोळ्यांदेखत गांवाचें उपनगर आणि उपनगराचें महानगर झालें.

७. हानीचा पक्ष

आतां ताळेबंद मांडूं. प्रथम हानीचा पक्ष सांगतों, कारण विकणारे लोक तो सांगत नाहींत.

पहिली हानि प्रवासाची. वसई रोडपासून चर्चगेट सुमारें ५२ किलोमीटर आहे. जलद गाडीनेंही एक तासाहून अधिक वेळ लागतो. घरापासून स्टेशन व स्टेशनापासून कचेरी धरल्यास दिवसाचे चार तास सहज खर्ची पडतात. २००७ सालीं बोरिवली–विरार मार्गावर आणखी रूळ झाले, गाड्या वाढल्या. पण माणसें त्याहून अधिक वाढलीं. ज्या घरांतील बाप मूल झोपेंत असतां निघतो आणि मूल झोंपल्यावर परततो, त्या घरानें भाड्यांत वांचविलेला पैसा दुसऱ्या एका नाण्यांत चुकता केलेला असतो. हें नाणें बँकेंत दिसत नाहीं.

दुसरी हानि पाण्याची, आणि ती दुहेरी आहे : पिण्यास कमी आणि पावसाळ्यांत अति. नव्या इमारतींची तहान भागविण्यासाठीं हरित पट्ट्यांतील विहिरींचें पाणी टँकरांनीं उपसलें गेलें. परिणामीं कित्येक विहिरी मचूळ झाल्या व बागायतीस बाध आला. २०२३ सालीं सूर्या धरणाच्या प्रादेशिक योजनेचें पाणी येऊं लागलें. त्या योजनेंत वसई-विरारचा वाटा दिवसाला १८ कोटी ५० लाख लिटर ठरला आहे. हा मोठा दिलासा आहे. पण वाढत्या वस्तीपुढें तो किती काळ पुरेल हें नव्या इमारतींच्या संख्येवर अवलंबून राहील. उलट पावसाळ्यांत, खाजणें व सखल शेतें भरावानें बुजल्यामुळें पाण्यास जागा उरत नाहीं. जुलै २०१८ मध्यें मिठागर वस्तींतील कुटुंबें पाण्यानें वेढलीं गेलीं, वसई–विरार दरम्यान आगगाड्या बंद पडल्या, व अडकलेल्या गाडींतील प्रवाशांना नांवांतून बाहेर काढावें लागलें. पाण्याची जागा माणसानें घेतली कीं पाणी माणसाची जागा घेतें.

तिसरी हानि फसवणुकीची. स्वस्त घराच्या मोहानें पुष्कळांनीं कागद न पाहतां पैसे दिले. नाला सोपारा येथील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानें पाडल्या गेल्या. तें काम २०२५ च्या आरंभीं पूर्ण झालें आणि शेंकडों कुटुंबें उघड्यावर आलीं. त्याच वर्षीं ऑगस्टांत विरार येथें एक इमारत कोसळून १७ माणसें मृत्यु पावलीं. म्हणून घर घेऊं पाहणाऱ्या कुटुंबास आमचें कळकळीचें सांगणें आहे कीं, मंदिर, चर्च व बाजार किती जवळ आहे हें विचारण्याआधीं जमिनीचा सात-बारा, अकृषिक परवानगी, बांधकामाची मंजुरी व भोगवटा प्रमाणपत्र पाहावें. स्वतःस समजत नसेल तर वकिलाची फी द्यावी. ती फी वांचविणें ही काटकसर नव्हे.

चौथी हानि मोजतां न येणारी. वाडी गेली कीं तिच्याबरोबर एक बोली जाते. सामवेदी बोली, वाडवळी बोली ह्या वाडीवर, विहिरीवर, लग्नाच्या मांडवांत बोलल्या जातात. चौथ्या मजल्यावर बंद दारामागें त्या फार दिवस टिकत नाहींत.

८. लाभाचा पक्ष

लाभही लहान नाहींत. मुंबई व तिच्या जवळच्या उपनगरांच्या तुलनेनें येथें घर अजून कमी किंमतींत मिळतें. ज्या तरुण जोडप्यास वांद्र्यास एक खोली घेणें अशक्य, त्यास येथें संसार थाटतां येतो. आणि लग्न वर्षानुवर्षें लांबणीवर पडण्यापेक्षां गाडीची गर्दी बरी, असें त्यांनीं म्हटल्यास त्यांस दोष देतां येणार नाहीं.

किनाऱ्याकडचा भाग अद्यापि हिरवा आहे. मुंबईंत ज्या मुलास झाड पाहण्यासाठीं बागेंत न्यावें लागतें, तें येथें केळीच्या पानावर जेवूं शकतें. मराठी माध्यमाच्या शाळा, महाविद्यालयें, बंगली येथील कार्डिनल ग्रेशस रुग्णालय, सहकारी पेढ्या, वाचनालयें व नाट्यमंडळें यांचें जाळें येथें आहे. एकेका धर्मग्रामांत आजारी माणसाच्या घरीं शेजारी डबा पोंचवितात, मरणाच्या दारीं सारा गांव उभा राहतो. हा लाभ कोणत्याही इमारतीच्या जाहिरातींत छापलेला नसतो. परंतु महानगरांत एकाकी म्हातारपण काढणाऱ्या माणसास विचारा; त्याची किंमत तो सांगेल.

शिवाय येथें अनेक धर्मांचीं माणसें शेजारीं शेजारीं राहतात. निर्मळच्या यात्रेस ख्रिस्ती माणूस जातो आणि देवळाच्या सणास हिंदु शेजारी येतो, ही रीति अजून मोडलेली नाहीं. ज्या भूमींत एकेकाळीं धर्माच्या नांवावर तोफा डागल्या गेल्या, तेथें हा शेजार म्हणजे इतिहासानें दिलेलें मोठें फळ आहे.

९. तात्पर्य

आतां दोन्ही पारडीं पाहिल्यावर काय दिसतें? खाडीनें बंदर दिलें आणि गाळानें तें घेतलें. कोटानें आश्रय दिला आणि भेदही शिकविला. आगगाडीनें वाडीला बाजार दिला आणि त्याच आगगाडीनें वाडीवर इमारत आणली. वसईचा प्रत्येक गुण अमर्याद भोगला कीं दोष होतो. म्हणून "वसई चांगली कीं वाईट?" हा प्रश्नच अपुरा आहे. "वसईंत आपण कसे राहणार?" हा प्रश्न पुरा आहे.

जो येथें नव्यानें येतो, त्यास आम्ही म्हणूं : अवश्य या. परंतु कागद पाहून या, गाडीचा हिशेब करून या, आणि आल्यावर पाहुण्यासारखे राहूं नका. या गांवाचीं बावखलें, खाजणें व झाडें हीं तुमच्याही मुलांच्या नांवें ठेवलेली ठेव आहे. ती बुजविली जात असतां गप्प बसूं नका. येथील बोली तुम्हांस न आली तरी तिला हसूं नका.

जो येथून जाऊं पाहतो, त्यास आम्ही अडवूं इच्छित नाहीं. संसाराची ओढाताण ज्याची त्यास ठाऊक. कर्ज, आजारपण, भावांतील वाटणी यांपुढें कित्येकदां विकल्यावांचून गत्यंतर नसतें. परंतु विकावेंच लागलें तर निदान बावखल व विहीर राखून विका. एका दलालाच्या शब्दावर एका रात्रींत सही करूं नका. आणि जीं भावंडें कसत राहूं इच्छितात त्यांस प्रथम विचारा. १९५७ सालीं आपल्या आजोबांच्या नांवावर जी जमीन चढली, तिच्यासाठीं त्यांच्या आजोबांनींही वाट पाहिली होती, एवढें सही करण्यापूर्वीं एकदां आठवावें.

आणि जे राहिले आहेत व राहणार आहेत, त्यांनीं नव्यांना परके म्हणूं नये. या किनाऱ्यावर आपण सर्वच केव्हां ना केव्हां आलेलों आहों. फरक आहे तो कोणी आधीं येण्याचा आणि कोणी मागाहून. मिस्सेनंतर देवळाच्या पायरीवर अनोळखी कुटुंब उभें दिसलें, तर त्यांचें नांव विचारावें, घर कोठें घेतलें हें विचारावें, विहिरीचें पाणी कसें आहे हें सांगावें. महोत्सवाचे दिवे विझल्यावरही चालूं शकेल असें हें साधें काम आहे. आणि वसईंत राहण्याच्या लाभांत तें आणखी एकाची भर घालील, यांत शंका नाहीं.